साप, केसपेपर आणि अडीचशे शब्द: ॲबस्ट्रॅक्टच्या नोंदी

२ जून २०२५

परिषदेचं ब्रोशर आलं एकदाचं. ॲबस्ट्रॅक्टची, म्हणजे तिथे मांडायच्या अभ्यासाच्या सारांशाची, शेवटची तारीख जुलैच्या अखेरीस, म्हणजे भरपूर वेळ आहे असं सगळ्यांना वाटतंय, आणि म्हणूनच ही वही आजच उघडली, कारण दरवर्षी शेवटच्या रात्री अख्खं डिपार्टमेंट एका लॅपटॉपभोवती जमतं आणि कोणीतरी विचारतं, अरे एथिक्स कमिटीच्या मंजुरीचा नंबर काय होता आपला.

आम्ही पीएसएमवाले, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राचे, कॉलेज कोकणात. कॉलेजचं नाव लिहीत नाही कारण रिव्ह्यू ब्लाइंड आहे, तपासणाऱ्याला नाव कळू द्यायचं नाही, आणि आमचे आकडेही इथे येणार नाहीत, परिषद होईपर्यंत ते बाहेर काढायचे नाहीत असं नियमातच आहे. बाकी नियम नेहमीचेच. टायटल सोडून २५० शब्द, बॅकग्राउंड मेथड्स रिझल्ट्स कन्क्लूजन असे चार तुकडे, मजकुरात संस्थेचं किंवा गावाचं नाव नको, टेबल नको, रेफरन्स नको, प्रेझेंट करणाऱ्याचं रजिस्ट्रेशन झालंच पाहिजे.

हातात तीन विषय. पहिला आमच्याच हॉस्पिटलच्या जुन्या केसपेपरवरून, साप चावल्यापासून एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, सुरू होईपर्यंत किती वेळ जातो. दुसरा जेआर टूच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरच्या, थेसिसमधला, आशाताईंना सर्पदंशाच्या प्रथमोपचाराचं काय माहीत आहे त्याचा सर्व्हे, तो अर्धाच झालाय. तिसरा मेडिसिनवाल्यांचा, हिरवा चापडा हा साप चावलेल्या पेशंटची केस सिरीज. यंदा पाऊस २५ मेलाच तळकोकणात उतरलाय, त्यामुळे कॅज्युअल्टीत सापाचे पेशंट येणं लवकर सुरू झालं, विषय डोळ्यासमोरच आहे म्हणायचं.

५ जून

जेआर टू दोनदा येऊन गेला. "मॅडम, काहीही करा पण पोस्टर लागलं पाहिजे." त्याची घाई कळते. एमसीआयच्या, म्हणजे तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलच्या, २००० सालच्या पीजी नियमांत परीक्षेला बसायला एक पोस्टर, एक पेपर वाचन आणि एक शोधनिबंध छापलेला किंवा स्वीकारलेला किंवा निदान पाठवलेला, असं तिन्ही लागायचं. नंतर तिच्या जागी एनएमसी आलं, नियम बदलले, पण मुलांच्या मनातली भीती तशीच राहिली आणि आमच्या डिपार्टमेंटची सवयही. त्यातूनच मग दर परिषदेला "नॉलेज, ॲटिट्यूड अँड प्रॅक्टिस ऑफ अमुक अमंग तमुक" अशी पोस्टरं भिंतभर लागतात. मी त्याला सांगितलं, अर्धा सर्व्हे पाठवायचा नाही. तो म्हणाला सर हो म्हणालेत. सर म्हणजे एचओडी, विभागप्रमुख, त्यामुळे मी गप्प.

सरांचं एक पेटंट उदाहरण आहे, महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर. विंचूदंशाचं काम तिथल्या ग्रामीण भागात बसून केलं आणि १९८२ ला लॅन्सेटमध्ये आलं, पुढे प्राझोसिन आणि अँटिव्हेनमची ट्रायल २०११ ला बीएमजेत. उदाहरण खरंच आहे, फक्त सर ते "बघा, छोट्या गावातूनही छापून येतं" एवढ्यासाठी देतात. मला त्यातलं दुसरंच काहीतरी महत्त्वाचं वाटतं, की त्या माणसाने पेशंटजवळ थांबून काय कधी झालं ते लिहून ठेवलं होतं. आमचं घोडं नेमकं तिथेच अडणार आहे असा माझा अंदाज.

१० जून

अंदाज बरोबर. एमआरडीत, म्हणजे हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये, बसलो, मी आणि जेआर वन. आधी लिस्ट काढायचीच मारामारी. आजारांच्या आयसीडी यादीतल्या टी६३.० या सापाच्या विषाच्या कोडवर शोध मारला तर जेवढे पेशंट निघतात त्यापेक्षा कॅज्युअल्टीच्या रजिस्टरमध्ये कितीतरी जास्त आहेत, कारण "अननोन बाइट" लिहिलेलं असलं की कोडिंग करणारा माणूस ते दुसरीकडेच टाकतो, आणि पावसाळ्यात निम्मं जग अननोन बाइटच असतं. भाताच्या लावणीत पायाला काहीतरी चावलं, पाण्यात काही दिसलं नाही, झालं. म्हणून कॅज्युअल्टी रजिस्टर, एएसव्हीचं स्टोअरचं इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, आणि वॉर्डचं रजिस्टर तिन्ही जुळवून यादी करायची ठरली. एमआरडीतल्या मामांनी ही कल्पना दिली, कोणत्या प्रोफेसरने नाही.

मग केसपेपर. आम्हाला वेळ हवी आहे. पेपरवर काय आहे: "आज सकाळी", "काल संध्याकाळी दिवे लागणीला", "शेतात असताना", आणि बऱ्याचशा पेपरवर काहीच नाही. एएसव्ही कधी सुरू केलं ते सिस्टरांच्या शीटवर व्यवस्थित मिळतं, तासमिनिटासकट. म्हणजे सुई टोचल्याची वेळ आहे, साप चावल्याची नाही.

१३ जून

एथिक्स. जुन्या नोंदींवरचा अभ्यास आहे, पेशंटला भेटत नाही, मग परवानगी कशाला, असं मेडिसिनच्या लेक्चररचं म्हणणं. आयसीएमआरच्या २०१७ च्या गाइडलाइन्सनुसार अशा कामात पेशंटची संमती माफ होऊ शकते, पण माफ करायची कमिटीने, आपली आपण नाही करायची. पोर्टलवर मंजुरीचा नंबर टाकल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही. आमची मंजुरी मार्चमध्येच घेतलेली आहे, नंबर या वहीच्या पहिल्या पानाला स्टेपल केला.

चापड्याच्या केस सिरीजचं वेगळं आहे, त्यात सुजलेल्या हाताचे फोटो आहेत, त्याला प्रत्येक पेशंटची लेखी संमती पाहिजे, मराठीत. मेडिसिनवाले म्हणाले तोंडी घेतलीय. म्हटलं परत जा. ट्रायल नसल्यामुळे सीटीआरआयची, म्हणजे ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत नोंद करायची, सक्ती आम्हाला नाही, ती २००९ पासून ट्रायल्सना आहे, हेही लिहून ठेवते कारण दरवर्षी कोणीतरी विचारतंच.

२१ जून

आज खरं भांडण झालं, छान झालं. जेआर वनने एक्सेल साफ करून एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं आणि वेळेची सरासरी काढून आणली. सरासरी बघूनच कळतं काहीतरी गडबड आहे, कारण दोन पेशंट तीन-तीन दिवसांनी आलेत, आधी गावातल्या मांत्रिकाकडे होते, आणि ते दोघेच अख्खी सरासरी ओढून नेतात. अशा डेटाला मीडियन, म्हणजे रांगेतला मधला आकडा, आणि इंटरक्वार्टाइल रेंज, म्हणजे मधल्या निम्म्यांचा पल्ला. हे तिलाही माहीत होतं, पण "मॅडम, सरासरी लोकांना कळते" म्हणाली. परिषदेत लोक म्हणजे डॉक्टरच असणार बाई.

मग पी व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता. एसपीएसएस .००० दाखवतं आणि लोक पी बरोबर ०.००० असं तसंच उतरवतात, ते नेहमी ०.००१ पेक्षा कमी असं लिहायचं, शून्य पी व्हॅल्यू असा काही प्रकार नसतो. आणि नुसत्या पी ने फरक केवढा आहे ते कळतच नाही, त्यासाठी कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा कुठून कुठे असू शकतो ती मर्यादा, पाहिजे, तेवढे चार शब्द जास्त गेले तरी चालतील.

पण मुख्य मुद्दा हरवलेल्या वेळांचा. चावल्याची वेळ ज्यांची लिहिलेली आहे तेवढेच पेशंट घेऊन मीडियन काढला तर आकडा छान दिसतो, फार उशीर होत नाही असं वाटतं. मी म्हटलं, ज्यांची वेळ नाही ते कोण आहेत ते आधी बघ. बघितलं तर त्यात व्हेंटिलेटरवर गेलेले जास्त. साहजिक आहे, मण्यार चावलेला माणूस पापण्या पडलेल्या, बोलता येत नाही अशा अवस्थेत येतो, सोबत शेजारी असतो, कॅज्युअल्टीत श्वासाची नळी टाकायची घाई, वेळ कोण विचारणार आणि कोण सांगणार. म्हणजे जे सगळ्यात आजारी होते तेच आपल्या मीडियनमधून गळले. आपला सुंदर आकडा हा बऱ्यापैकी बऱ्या असलेल्यांचा आकडा आहे.

ठरलं असं की ॲबस्ट्रॅक्टमध्ये मीडियनच्या आधी, किती जणांची वेळ मिळाली आणि किती जणांची नाही हे यायचं, आणि न मिळालेल्यांची तब्येत कशी होती तेही एका वाक्यात. जेआर वन म्हणाली यात आपले वीसेक शब्द जातील. जाऊ देत.

२८ जून

पहिला मसुदा. जेआर वनने लिहिला, चारशेच्या वर गेला. अर्धा बॅकग्राउंडच. सुरुवात अर्थातच "भारतात दरवर्षी सरासरी ५८,००० मृत्यू", तो आकडा २०२० च्या पेपरातला आहे, २००० ते २०१९ मध्ये १२ लाख मृत्यू असा मिलियन डेथ स्टडी या देशव्यापी मृत्यूंच्या पाहणीवरून काढलेला अंदाज, आकडा उत्तमच आहे पण त्या परिषदेतला प्रत्येक सर्पदंशवाला त्याच वाक्याने सुरू करणार. मग डब्ल्यूएचओने २०१७ ला सर्पदंश दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतला, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे, केंद्राचा कृती आराखडा मार्च २०२४ चा, नोव्हेंबर २०२४ ला केंद्राने राज्यांना सर्पदंश नोटिफायेबल, म्हणजे सरकारला कळवणं सक्तीचं, करायला सांगितलं. सगळं खरं आणि सगळं कापलं, फक्त शेवटचं ठेवलं, कारण नोटिफायेबल केलं तरी फॉर्मवर चावल्याची वेळ भरणार कुठून हाच तर आमचा प्रश्न. बॅकग्राउंड दोन वाक्यांत संपलं.

मेथड्समध्ये एक गोष्ट कापायला जीव होत नव्हता. २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी, २० डब्ल्यूबीसीटी, घोणस आणि फुरसं चावल्यावर तिच्यावरच सगळं अवलंबून असतं. ती कोरड्या स्वच्छ काचेच्याच नळीत करायची, २ मिली रक्त, न हलवता २० मिनिटं आणि मग एकदाच तिरकी करायची. प्लॅस्टिकच्या नळीत किंवा साबणाने धुतलेल्या काचेत रक्त नीट गोठतच नाही आणि विष नसलेल्याला एएसव्ही टोचलं जातं. आमच्याकडे एका वर्षात काचेच्या नळ्या संपल्या होत्या असं वॉर्डच्या सिस्टर सांगतात, म्हणजे त्या वर्षीचे निकाल किती धरायचे? शेवटी त्या वर्षाची चाचणी ॲनालिसिसमधून काढली आणि मेथड्समध्ये "काचेच्या नळीतील" एवढंच ठेवलं. ज्याला माहीत आहे त्याला तेवढं पुरेल.

कन्क्लूजन तिने लिहिलं होतं, लोकांमध्ये जनजागृतीची गरज आहे. आपण जनजागृती मोजलीच नाही, मग गरज आहे हे कुठून आलं? हे वाक्य महाराष्ट्रातल्या निम्म्या पीएसएम ॲबस्ट्रॅक्टचं शेवटचं वाक्य असतं आणि कोणी कोणाला विचारत नाही. आम्ही लिहिलं की वेळेची नोंद नसेल तर उशिराचं मोजमाप कमीच दिसणार, आणि कॅज्युअल्टीच्या कागदावर ती जागा हवी. एवढंच डेटा म्हणतोय.

४ जुलै

टायटल. "अ रेट्रोस्पेक्टिव्ह रेकॉर्ड बेस्ड क्रॉस सेक्शनल हॉस्पिटल बेस्ड स्टडी ऑफ" इथपर्यंत येताना मला श्वास घ्यावा लागला. असे अभ्यास कसे लिहायचे त्याच्या स्ट्रोब चेकलिस्टच्या २२ मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा सांगतो की डिझाइन टायटलमध्ये किंवा ॲबस्ट्रॅक्टमध्ये दिसलं पाहिजे, पण सगळं टायटलमध्येच कोंबा असं कुठे म्हणत नाही. शेवटी काय मोजलं, कोणात मोजलं आणि रेकॉर्ड रिव्ह्यू, बस.

प्रश्नाला उत्तर मिळाल्यासारखं टायटल सरांना हवं होतं, "उशिरामुळे मृत्यू वाढतात" वगैरे. आमच्या डेटात ते सिद्ध होत नाही, उलट जे लवकर येतात ते कधीकधी जास्त विष गेलेले असतात म्हणूनच धावत येतात. सरांना हे पटलं, पाच मिनिटांत, मला वाटलं तेवढा वेळ लागला नाही.

९ जुलै

नावं. हा दिवस नको असतो. मेडिसिनच्या युनिट हेडचं नाव टाकायचं कारण पेशंट त्यांचे, सुपरिटेंडेंटचं टाकायचं कारण परवानगी त्यांची, आणि आणखी एका सरांचं, कारण ते टाकलं नाही तर बरं दिसणार नाही. ऑथर कोण याचे आयसीएमजेईचे, म्हणजे वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या समितीचे, चार निकष आहेत आणि चारही पूर्ण व्हावे लागतात: कामात खरा वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात मोलाचे बदल सुचवणं, अंतिम मसुद्याला मंजुरी, आणि प्रश्न आला तर उत्तर द्यायची जबाबदारी. युनिट हेडना मी मसुदा पाठवला आणि दोन दिवसांत वाचून सूचना द्या अशी विनंती केली. त्यांनी दिल्या, चांगल्या दिल्या, एएसव्हीच्या पहिल्या डोसच्या १० व्हायल, म्हणजे छोट्या बाटल्या, पूर्ण गेल्या का अर्ध्या जाऊन रेफर झाले ते वेगळं काढा म्हणाले, म्हणजे ते खरोखर ऑथर झाले. तिसऱ्या सरांनी उत्तर दिलं नाही, नाव नाही. एमआरडीच्या मामांना ऑथर करता येत नाही, पण पोस्टरवर आभारात त्यांचं नाव पहिलं.

१७ जुलै

पोर्टल बाहेरच्या कंपनीचं आहे. वर्डमधून पेस्ट केलं की अधिक-उणे, लहान-मोठं अशी सगळी चिन्हं प्रश्नचिन्ह होऊन जातात, त्यामुळे आधी नोटपॅडमध्ये टाका, तिथून घ्या, आणि प्रीव्ह्यू ओळीओळीने वाचा. शब्दमोजणी पोर्टलची वेगळी, वर्डची वेगळी, चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडली की ते तीन शब्द धरतं. जागा काढल्या, पाच-सहा शब्द परत मिळाले. घड्याळ मध्य युरोपचं आहे, उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, म्हणजे तिकडचे २३:५९ हे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे ३:२९. जेआर टू हे ऐकून खूश झाला आणि मला तिथेच काळजी वाटायला लागली.

ब्लाइंडिंगसाठी शोधून काढलेलं: मजकुरातला तालुका, "आवर इन्स्टिट्यूट"च्या पुढचं नाव, आणि अपलोड केलेल्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये असलेलं कॉलेजचं नाव, हे शेवटचं कोणी बघतच नाही.

केसपेपरवाला ॲबस्ट्रॅक्ट आज गेला. "सेव्ह्ड" आणि "सबमिटेड" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नंबर असलेला ईमेल आला की मगच गेला समजायचं. आला.

२९ जुलै

आज नागपंचमी, आणि आजच तारीख दहा दिवसांनी वाढल्याचा मेल. दरवर्षी वाढवतात, सगळ्यांना माहीत असतं वाढवणार, म्हणून कोणी वेळेत पाठवत नाही, म्हणून वाढवावी लागते. कॅज्युअल्टीत रात्री दोन आले, एक फुरशाचा, एक बिनविषारी, दुसऱ्याने साप पिशवीतून आणला होता, तोही जिवंत. लोकांना सांगून सांगून थकलो की साप आणू नका, लांबून फोटो जमला तर ठीक, नाहीतर तेही नको.

आशाताईंच्या सर्व्हेत जेआर टूने मधल्या दिवसांत आणखी एक पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, उरकली. रिझल्ट्समध्ये त्याने शेवटी "सविस्तर निष्कर्ष परिषदेत मांडले जातील" असं लिहिलंय. काढायला सांगितलं. म्हणाला मागच्या वर्षी सीनियरचं याच वाक्यासकट ॲक्सेप्ट झालं होतं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

६ ऑगस्ट

योगायोग म्हणजे दुसऱ्या एका परिषदेचे ॲबस्ट्रॅक्ट माझ्याकडे तपासायला आले, चांगला मोठा गठ्ठा. नावीन्य, पद्धत, निकाल, निष्कर्ष, मांडणी, प्रत्येकाला पाचपैकी मार्क. रात्री जेवण झाल्यावर वाचत बसले आणि खरं सांगायचं तर एकेकाला दोन-तीन मिनिटांच्या वर वेळ जात नाही. पहिल्यांदा डोळा रिझल्ट्सवर जातो, तिथे आकडा आहे का, त्याच्याखाली भागिले किती ते आहे का. नुसतं "६० टक्के" लिहिलेले बरेच, ते पाचातले तीन का पाचशेतले तीनशे, पत्ता नाही. त्यानंतर कन्क्लूजन, ते रिझल्ट्समधून निघतं का आपलं आपण आलंय. बॅकग्राउंड मी वाचलंच नाही बहुतेकांचं, एवढ्या प्रेमाने लिहिलेलं असतं बिचाऱ्यांनी.

"परिषदेत मांडले जातील" वाले चार निघाले. चौघांना निकालाला शून्य. जेआर टूला बोलावून फक्त मार्कांचा नमुना तक्ता दाखवला, कोणाचे ॲबस्ट्रॅक्ट ते अर्थातच नाही. त्याने वाक्य काढलं, पण आत आकडे अर्ध्या सर्व्हेचेच, त्याला मी काय करणार. वाढीव तारखेच्या शेवटच्या पहाटे सबमिट केला असं नंतर कळलं.

२५ ऑगस्ट

निकाल आले, गणपतीच्या दोन दिवस आधी, अर्धं डिपार्टमेंट गावाला. केसपेपरवाला, पोस्टर. ओरलला, म्हणजे स्टेजवरून बोलायला, टाकला होता पण पोस्टर मिळालं. चापडा, ई-पोस्टर, त्यात मुद्दा एकच होता पण पक्का होता: आपलं पॉलिव्हॅलंट एएसव्ही नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठीच बनतं, चापड्यावर चालत नाही, तरी व्हायली टोचल्या जातात आणि रिॲक्शनचा धोका फुकट. आशाताईंचा सर्व्हे नामंजूर, कारण एका ओळीत, "इनकम्प्लीट डेटा". जेआर टू दिवसभर दिसला नाही. संध्याकाळी आला आणि म्हणाला राज्य परिषदेची तारीख ऑक्टोबरपर्यंत आहे, तोवर सर्व्हे पूर्ण होतो. होतो, मी हिशोब केला.

जेआर वन ओरल नाही म्हणून खट्टू. तिला म्हटलं ओरलला पाच मिनिटं आणि एक प्रश्न, तोही चेअरपर्सनचा. पोस्टरसमोर माणूस थांबला तर पंधरा मिनिटं बोलतो. कोणी थांबलंच नाही तर, असं तिने विचारलं, तेही होतं कधीकधी.

३ सप्टेंबर

रजिस्ट्रेशनची फी भरली, अर्ली बर्डमध्ये. कॉलेजकडून परत मिळेल तेव्हा मिळेल, बिलं जपून.

पेपर लिहायला आत्ताच बसायचं असं मी आणि जेआर वनने ठरवलं. कोक्रेनचा, म्हणजे जुने अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा, २०१८ चा रिव्ह्यू आहे, तीन लाखांवर ॲबस्ट्रॅक्ट धरून, त्यातले पुढे पूर्ण पेपर म्हणून छापून आले फक्त ३७.३ टक्के. ती घाबरली की पोस्टर झालं म्हणजे जर्नल "आधीच छापलंय" म्हणेल. नाही म्हणत, परिषदेतला ॲबस्ट्रॅक्ट किंवा पोस्टर हे आयसीएमजेईच्या हिशोबाने डुप्लिकेट पब्लिकेशन नाही, फक्त कव्हर लेटरमध्ये सांगायचं. शब्दमर्यादा सुटल्यामुळे काचेच्या नळ्यांचा परिच्छेद परत घेतला, तिने न सांगता घेतला.

१२ सप्टेंबर

सुपरिटेंडेंटकडे पत्र दिलं होतं कॅज्युअल्टीच्या पेपरवर शिक्का मारायची परवानगी म्हणून. चार रकाने: चावल्याची वेळ, कोणी सांगितली, आधी कुठे दाखवलं, पहिली व्हायल कधी. छापील पेपर बदलायला वरून मंजुरी लागते, शिक्क्याला लागत नाही, हा मामांचाच सल्ला. कॅज्युअल्टीचे सीएमओ, म्हणजे तिथले मेडिकल ऑफिसर, म्हणाले नळी टाकू का रकाने भरू? रास्त आहे. म्हणून दुसरा रकाना घातलाय, वेळ नंतर नातेवाइकांकडून वॉर्डात भरली तरी चालेल, फक्त कोणी सांगितली ते लिहा. शिक्का बाजारातल्या दुकानात टाकलाय, सोमवारी मिळेल. दोन करायला सांगितलेत, एक हरवणारच.